मागचं दार

टाके काढायच्या खोलीबाहेर स्तनातली कॅन्सरची गाठ काढलेल्या एक बाई एकट्याच बसल्या होत्या. पाठीमागच्या बाकावर एक रखवालदार आणि त्याची धाकटी बहीण. त्याच्या पोटातली कॅन्सरची गाठ नुकतीच काढली होती.

“दादा, जखम छान भरतेय म्हणाले ना? मग तोंड का पाडलंयस?”

“भरतेय म्हणूनच. डॉक्टर म्हणाले, अंगातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी सध्या जखमेच्या कामात गुंतल्यात.”

“बरंच आहे की.”

“गोदामावर आयुष्य गेलं माझं. एका दुपारी पुढच्या फाटकाशी कचरा पेटला. आम्ही सगळे बादल्या घेऊन धावलो. मागच्या दाराशी कोण राहिलं?”

“कोणी नाही.”

“चोर तिथूनच आला.”

“काहीतरी डोक्यात घेऊन बसू नकोस. गाठ अख्खी काढलीय तुझी.”

“एखादी पेशी आधीच सुटली असेल तर, असं मी विचारलं त्यांना.”

“काय म्हणाले?”

“तिला हीच वेळ सोयीची, म्हणाले. म्हणून तपासण्या चुकवायच्या नाहीत.”

“मग नाही चुकवणार. दुखतंय का फार?”

“जखमेपाशी ठणकतं, गडबड चालल्यासारखं वाटतं. बाकी अंग अगदी शांत आहे.”

“शांत आहे ना, मग झालं तर.”

“त्या दुपारी मागच्या बाजूलाही असंच शांत होतं गं.”



बाईंचा हात सकाळपासून छातीवरच्या पट्टीवर होता. तो त्यांनी हळूच उचलला, मागे नेला आणि पाठीच्या कण्यावर ठेवला.

तिथे काहीच दुखत नव्हतं.