पदरची ओळ

ताई : हसू नकोस. नोटीस आहे ही, लग्नाची पत्रिका नाही.

धाकटा : पण ताई, कागद बघ ना काय गुळगुळीत! माझं साप्ताहिक असल्या कागदावर निघालं, तर मीसुद्धा विकत घेईन.

ताई : थिएटरवाला अब्रुनुकसानीचा दावा लावतोय. छापखाना जाईल तुझा.

धाकटा : का म्हणून? मी काय मनचं छापलं? अग्निशमनवाल्यांचा तपासणी अहवाल आहे तो. कुणीही अर्ज करावा, शिक्क्यानिशी नक्कल मिळते. ‘बाल्कनीचे मागील दोन्ही दरवाजे वेल्डिंग करून बंद.’ काना-मात्रेचा फरक नाही. तूच म्हणाली होतीस, वकिलीणबाई, सरकारी कागद जसाच्या तसा छापला तर कुणी केसाला धक्का लावू शकत नाही.

ताई : जसाच्या तसा, म्हणाले होते. शेवटची ओळ वाच.

धाकटा : ती होय? ती आपली गंमत.

ताई : मोठ्याने.

धाकटा : ‘साहेबांनी दारं पाहिली, मालकाने पाकीट दाखवलं, मग साहेबांना दारं दिसेनाशी झाली.’ अगं, लोक अंक घेतात कशासाठी? बातमीखालच्या चिमट्यासाठी!

ताई : अहवालात पाकीट आहे?

धाकटा : अहवालात कसं असेल? साहेबांच्या खिशात आहे.

ताई : पुरावा?

धाकटा : अख्ख्या गावाला माहितीये.

ताई : मग कर गावाला साक्षीला उभं. अरे, अहवाल छापलास, तिथे कायदा तुझ्या बाजूने. ‘असलं थिएटर चालूच कसं राहतं’ असं विचारलं असतंस, तरी मी भांडले असते, ते तुझं मत. पण लाच दिली म्हणणं हा आरोप झाला. तो सिद्ध करावा लागतो. तू पदरचं घातलंस, आणि तिथेच सापडलास.

धाकटा : बरं, मग मागू माफी. त्याने मजकूरही पाठवलाय, नुसती सही ठोकायची.

ताई : वाचलास का तो? ‘अंकातील सर्व मजकूर खोटा असून दरवाजे सुस्थितीत आहेत.’ पाकिटाचं त्याला काही पडलेलं नाही. त्याला दारं पुसायचीत.

धाकटा : च्यायला.

ताई : आपण फक्त ती ओळ मागे घ्यायची. ‘ही आमची पदरची, पुरावा नाही, दिलगीर आहोत.’ आणि खाली अहवाल पुन्हा छापायचा. अक्षर न् अक्षर.

धाकटा : ताई! अगं, तू तर माझ्यापेक्षा बिलंदर निघालीस!

ताई : दात काढू नकोस. तो गप्प बसणारा माणूस नाही.

धाकटा : गप्प कुठे? काल घरी आला होता. एकदम गोड. आईची गुडघेदुखी विचारली, माझ्या चिमुरडीच्या गालाला हात लावला. आजच्या दुपारच्या खेळाचे दोन पास ठेवून गेला. म्हणाला, ‘बाल्कनी, शेवटची रांग. दारं जवळून बघून घ्या.’

ताई : हे तू मला आत्ता सांगतोयस?

धाकटा : मला आवडलं गं त्याचं. चिमटा काढायला त्यालाही येतो.

ताई : पास कुठायत?

धाकटा : फ्रिजवर. ते लिंबाचं लोहचुंबक आहे ना, त्याच्याखाली. फोटो छापणार होतो.

ताई : आणि आईला काय सांगितलंस?

धाकटा : ती नोटीस बघून जेवेना. म्हटलं, मिटलं गं सगळं. दारं उघडलीत, अहवाल जुना होता, आपलंच चुकलं.

ताई : म्हणजे त्याची माफी तू छापून मोकळा झालास. एकच प्रत.

धाकटा : काहीतरीच! आई कुठे जाते सिनेमाला?

ताई : चिमुरडीला आज शाळा आहे?

धाकटा : ...सुट्टी आहे.

ताई : घरी फोन लाव.

धाकटा : हॅलो, मी बोलतोय. आई कुठाय? ...कधी? ...दोघीच? ...फ्रिजकडे बघ जरा. ...बरं. नाही, काही नाही.

ताई : काय म्हणते बायको?

धाकटा : फ्रिजवर नुसतं लिंबू आहे.

ताई : आईला लाव. लाव लवकर.

(फोनची रिंग वाजत राहते. मग थांबते.)

ताई : उचलला?

धाकटा : नाही गं. बंद केला. खेळ सुरू झाला असेल.