खाट मोकळी आहे, हात मोकळे नाहीत

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आमच्या शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख डॉक्टर साहेब. प्रमुख पाहुणे म्हणून लाभलेले आपल्या रुग्णालयाचे व्यवस्थापक साहेब. आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान, म्हणजे आम्हा सगळ्यांचे भावोजी, आणि त्यांची लेक. आणि कुणी ड्युटी संपवून, तर कुणी ड्युटीवर जाता जाता, गणवेशातच या सभागृहात येऊन बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि बंधूंनो,

मला बोलायला उभं करू नका, असं मी आयोजकांना परोपरीनं सांगितलं होतं. संकोच हे त्याचं कारण नव्हतं. मला आज इतका आनंद झालाय की मी आवरतं घेईन याची मलाच खात्री नाही. कालपासून भेटेल त्याला मी हेच भाषण ऐकवतेय. सकाळी लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थांनी ते निम्मं ऐकलं, आणि त्यांचा मजला आला तरी बिचारे उतरले नाहीत. ते सभागृहात कुठं असतील तर उरलेलं निम्मं त्यांच्यासाठी.

आपण ताईंना निरोप देतोय, पण ताई निवृत्त होत नाहीयेत. त्या कंपनीच्या मुख्य कार्यालयात चालल्यात. कुठल्या वॉर्डात किती सिस्टर लागतील हे ज्या खोलीत ठरतं, त्या खोलीत. आजवर त्या खोलीत हिशेबनीस बसले, संगणकवाले बसले, सल्लागार बसले. नर्स मात्र परवापासून पहिल्यांदा बसणार आहे. आता मला सांगा, अशा दिवशी रडायचं कसं? आणि रडू आलंच, तर ते कुठल्या खात्यात टाकायचं?

हे कसं घडलं, ते सगळ्यांना तुकड्या-तुकड्यानं माहीत आहे. मी ते सलग सांगते.

आपलं हे रुग्णालय पूर्वी एका डॉक्टरांचं होतं. जिना अरुंद, भिंतीला ओल, आणि सलाईनची बाटली धरायला नातेवाइकाला उभं करावं लागे. तेव्हा ते दिवस सोन्याचे होते, असं मी म्हणणार नाही. मग कंपनी आली. कळ दाबली की खाटा वर-खाली व्हायला लागल्या. त्याबद्दल आमच्या पाठी आणि कंबरा कंपनीच्या कायमच्या ऋणी आहेत, हे मी व्यवस्थापक साहेबांच्या देखत आणि अगदी मनापासून सांगते.

पण खाटांच्या मागोमाग बाकीचीही वरात आली. पेशंटला पेशंट म्हणायचं नाही, 'अतिथी' म्हणायचं. औषध देताना आधी मनगटावरच्या पट्टीला यंत्र लावायचं, मग औषधाच्या पाकिटाला लावायचं. औषधाला उशीर झाला, की संगणकाचा पडदा कारण विचारणार. कारणंही त्यानंच तयार ठेवलेली, आपण फक्त बोट ठेवायचं. त्यात 'शेजारच्याला उलटी होत होती' हे कारण नव्हतं. 'मी एकटीच होते' हेही नव्हतं. म्हणून आम्ही सगळ्याजणी 'अतिथी झोपलेले होते' यावर बोट ठेवायचो. आमच्याइतका झोपाळू वॉर्ड कंपनीच्या इतिहासात दुसरा नसेल.

आणि एक वाक्य पाठ करायला दिलं होतं. प्रत्येक खाटेपासून निघताना ते हसून म्हणायचं: "आणखी काही मदत करू का? माझ्याकडे तुमच्यासाठी वेळ आहे." मैत्रिणींनो, ते म्हणण्यापुरतासुद्धा वेळ नसायचा, हो ना? मी ते चालता चालता म्हणायची. एकदा पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या एका आजींनी माझं मनगटच धरलं. म्हणाल्या, "बाळ, तुझ्याकडे वेळ नाहीये. तू जा. मला पाणी हवं होतं, ते मी शेजारणीकडून घेते." त्या आजींनी जाताना भरायच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर मला पैकीच्या पैकी गुण दिले. मी ते गुण पाहून बाथरूममध्ये जाऊन रडले. आपल्याला चांगलं काम करता येतं आणि आपण ते करत नाही आहोत, हे ज्याला दिवसभर कळत असतं, त्याचा थकवा झोपेनं जात नाही.

या सगळ्यावर कळस होता तो 'जावईबापूंचा'. डॉक्टर साहेब हसले, पण व्यवस्थापक साहेबांना हे नाव नवीन असेल. तुमच्या त्या माणसं मोजणाऱ्या संगणकाचं नाव आम्ही जावईबापू ठेवलं होतं. कारण त्याला समजावता येत नाही, नुसतं राजी ठेवावं लागतं. तो फक्त खाटा मोजायचा. सकाळी एका खाटेवरचा माणूस बरा होऊन घरी गेला, त्याची सगळी पाठवणी केली, चादर बदलली, आणि दुपारी त्याच खाटेवर दुसरा माणूस ऑपरेशन होऊन आला, तर आमच्या हिशेबी ती दोन माणसं. जावईबापूंच्या हिशेबी खाट एकच. पडदा हिरवा, म्हणजे माणसं पुरेशी. हिरवा पडदा दिसला, की आमच्यातली एखादी उचलून दुसऱ्या मजल्यावर पाठवायची.

त्या दिवशी दोघींना पाठवलं. सकाळची अकराची वेळ असेल. थिएटरमधून लागोपाठ पेशंट वर येत होते, घरी जाणारे बॅगा भरून उभे होते, फोन वाजत होते. वॉर्डात ताई, मी आणि आणखी एक सिस्टर. ताईंनी खाली फोन करून एक तरी सिस्टर परत मागितली. पलीकडून सांगण्यात आलं, की तुमचा पडदा हिरवा आहे.

शेवटच्या खाटेवर एक शिंपी होते. आदल्या दिवशी आतड्याचं ऑपरेशन झालेलं. शांत माणूस, बायकोही तशीच शांत. मी त्यांच्या समोरून निदान चारदा तरी गेले असेन. ते काहीतरी म्हणाले, मी "आलेच" म्हटलं, आणि कुठली येतेय? ताई दुसऱ्या कुणाची तरी पट्टी घेऊन चालल्या होत्या. त्या थांबल्या. शिंपी काका पांघरूण सारखं ओढत होते, सोडत होते. कपाळावर घाम. पोटातून काढलेल्या नळीची पिशवी मघापेक्षा भरलेली, लाल. ताईंनी नाडीवर बोटं ठेवली आणि मला हाक मारली. ताईंची ती हाक ज्यांनी ऐकलीय, त्यांना मी काय म्हणते ते कळेल. त्या मोठ्यानं ओरडत नाहीत, आवाज उलट खाली येतो.

आतून रक्तस्राव होत होता. पुढचं डॉक्टर साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तेच धावत वर आले. आम्ही दोघी रक्त लावणं, खाट ढकलणं यात असताना लिफ्टचं दार उघडलं आणि नवा पेशंट दाखल झाला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दुसऱ्या दिवसाची वेळ घेतलेले एक गृहस्थ, चांगले चालते-बोलते, पण नियम म्हणून चाकाच्या खुर्चीत बसवलेले. सोबत दाखल करून घेणारी कर्मचारी. ती म्हणाली, पंधरा नंबरची खाट रिकामी दिसतेय.

ताई वॉर्डाच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "खाट मोकळी आहे, हात मोकळे नाहीत. आधी हात पाठवा, मग यांना आणा."

ती मुलगी गोंधळली. तिलाही वरून दट्ट्या होताच. ताईंनी तिला काही सुनावलं नाही. त्या खुर्चीतल्या गृहस्थांकडे वळल्या आणि त्यांना सरळ सांगितलं, की आत एक माणूस अत्यवस्थ आहे, आत्ता तुम्हाला घेतलं तर तुमच्याकडे कुणी बघणार नाही, आणि मला ते चालणार नाही. ते गृहस्थ म्हणाले, की ठीक आहे, आम्ही खाली बसतो, नाहीतरी तुमच्या खालच्या खुर्च्या फारच छान आहेत. असा समजूतदार माणूस! मी तर म्हणते, आज त्यांचाही सत्कार व्हायला हवा होता.

शिंपी काका वाचले. आणि दुसऱ्या दिवशी ताईंना बोलावणं आलं, की उद्या सकाळी वरच्या मजल्यावर या. आरोप असा, की अतिथीला दारातून परत पाठवलं.

भावोजींची परवानगी घेऊन एक घरची गोष्ट सांगते. त्या संध्याकाळी ताई घरी गेल्या आणि स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढून घासायला बसल्या. भावोजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, माणूस नाजूक कामाचा, ते फडकं घेऊन डबे पुसायला शेजारी बसले. शेवटचा डबा झाल्यावर ताई म्हणाल्या, उद्या मला काढूनही टाकतील. लेकीच्या कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. भावोजी म्हणाले, "काढू देत. पण माफी मागून आलीस, तर हे डबे तुला पुन्हा घासावे लागतील." भावोजी, तुम्ही मान खाली घालू नका, हे सगळ्यांना कळायलाच हवं.

मग ती सकाळ आली. कुणी कुणाला बोलावलं, मला अजूनही सांगता येणार नाही. मी सुट्टीवर होते, आणि घरी बसवेना म्हणून आले, तर खालच्या दालनात आपल्याच बायका. सगळ्या मजल्यांच्या, सगळ्या सुट्टीवरच्या. कुणी घरच्या कपड्यात, कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात भाजीची पिशवी. वर एकाही वॉर्डातलं काम थांबलं नव्हतं, ते कधीच थांबता कामा नये ही ताईंची कायमची सक्त ताकीद होती. घोषणा नाहीत, फलक नाहीत. आम्ही नुसत्या उभ्या. आणि तेवढ्यात शिंपी काकांच्या पत्नी वरून आल्या आणि आमच्या रांगेत उभ्या राहिल्या.

व्यवस्थापक साहेब, तुम्ही ताईंना घेऊन खाली आलात. रागावून आला असतात तर आम्ही समजू शकलो असतो. तुम्ही ताईंना आमच्यासमोर विचारलंत, की तुम्हाला नक्की काय हवंय? आम्हाला वाटलं, आता मागण्यांची भली मोठी जंत्री निघणार. ताई म्हणाल्या, "साहेब, दोनच गोष्टी. एक वाक्य काढा आणि एक वाक्य घाला. 'माझ्याकडे वेळ आहे' हे काढा. आणि 'वॉर्डच्या सिस्टरनं माणसं कमी आहेत म्हटलं, तर ती कमी आहेत' हे घाला."

तुम्ही लगेच हो म्हणाला नाहीत. म्हणाला असतात तर आमचा विश्वास बसला नसता. पहिलं वाक्य दुसऱ्या दिवशी गेलं. दुसऱ्यासाठी तुम्ही मुख्य कार्यालयाशी कित्येक आठवडे भांडलात, आणि आमच्या एका मजल्यावर प्रयोग करायची परवानगी आणलीत. तुमच्या खुर्चीलाही तेव्हा धक्का बसू शकला असता, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून आज तुम्ही या व्यासपीठावर आहात, ते आमच्या आग्रहानं आहात. प्रयोग टिकला, बाकीच्या मजल्यांवर गेला, आणि मग मुख्य कार्यालयानंच विचारलं, की त्या बाई आमच्याकडे येतील का?

ताई, तिथं खुर्च्या मऊ असतील. चहा गरम मिळेल, आणि गार चहावरून तुम्ही आम्हाला किती बोलला आहात! तिथं सगळेजण फार गोड आणि फार इंग्रजीत बोलतील. तुमचा पारा चढेल. आमची विनंती एवढीच, की तो चढू द्या. अंगवळणी पडू देऊ नका.

आता जाता जाता एक बातमी. ताईंना ही ठाऊक नाही, कारण आज त्यांना आम्ही सक्तीनं सुट्टीवर ठेवलंय. ताईंच्या जागी वॉर्ड आता माझ्याकडे आहे. आज दुपारी थिएटरमधून पेशंट वर येत होते, एक सिस्टर तापानं घरी गेलेली, आणि खालून आणखी एक पेशंट निघाल्याचा निरोप आला. मी फोन उचलला. ताईंशिवाय पहिल्यांदाच. मनात चार मुद्दे जुळवले होते, पाचव्याला रडायचंही ठरवलं होतं. मी म्हटलं, माझ्याकडे माणसं कमी आहेत, आत्ता पेशंट घेणार नाही. पलीकडून विचारलं, "किती जणी पाठवू?"

भांडायची तयारी केली होती, आकडा सांगायची नव्हती. मग म्हटलं, दोघी. आणि दोघी आल्या.

तासाभरानं वॉर्ड थाऱ्यावर आला, तेव्हा मी एका काकांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसले. ते एकदम सावरून बसले आणि घाबरत घाबरत म्हणाले, "सिस्टर, खरं सांगा. माझं काही गंभीर निघालंय का?" म्हटलं, नाही हो काका, तुम्ही छान आहात. मी नुसतीच बसलेय.

अध्यक्ष महोदय, आपण मला इतका वेळ बोलू दिलंत, प्रमुख पाहुण्यांनी कानउघाडणीसुद्धा हसून ऐकून घेतली, भावोजींनी घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडू दिली, आणि आत्ता या क्षणी वर वॉर्ड सांभाळणाऱ्या मैत्रिणींनी आम्हाला इथं येऊ दिलं, या सर्वांचे मी हात जोडून आभार मानते. आनंदाच्या भरात कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, एखादा शब्द अधिक-उणा गेला असेल, तर तो पोटात घालावा. ताई, सुखानं जा. मी थांबते, मला वर जायचंय.