दाविदाच्या गावात आमचे हे

आमच्या ह्यांच्या हातात पेटी दिली की माणूस गेला समजा. सत्तर-बहात्तरची गोष्ट. नगरचे ख्रिस्ती यात्रेकरू नाताळाला बेथलेहेमला आले, जिथे धर्मशाळेत जागा न मिळाल्याने येशू गोठ्यात जन्मला, आणि त्यांचा पेटीवाला तापाने झोपला. कुणीतरी अश्दोदला आमचं, म्हणजे इस्राएलात येऊन राहिलेल्या मराठी यहुद्यांचं, घर दाखवलं.

हे म्हणाले, "येतो, पण येशूचं गाणं मी म्हणणार नाही."

त्यांचे पाळक म्हणाले, "दावीद राजाचं म्हणा. तो यहुदी-ख्रिस्ती दोघांचाही, आणि हे बेथलेहेम गावही त्याचंच."

ठरलं होतं एकच स्तोत्र. पण आम्हा बेने इस्राएलांत गाणं म्हणजे कीर्तन. एक कडवं म्हणायचं, थांबून गोष्ट सांगायची, मग लोकांनी ध्रुपद उचलायचं. दावीद मेंढरं राखतोय, दावीद गोफण फिरवतोय, लोक टाळ्या वाजवून गातायत आणि पाळक प्रवचनासाठी ताटकळत उभे. मी खुणा केल्या, पण हे बघतील तर ना. दाविदाला गादीवर बसवून, म्हातारा करून, पुरून, मगच ह्यांनी पेटीचा भाता सोडला.

पाळक शांतपणे पुढे आले. "भाऊ, आता आज जन्मलेल्या बाळालाही जरा जागा द्या. नाहीतर याही खेपेला त्याला गोठ्यातच जावं लागेल."