कपाटावरचा खाऊ

...नाही पण गुडघे वाकवून उतरा, असं पोरांना सांगितलं कोणी? मीच सांगितलं! बारा वर्षं झाली हो मला लालबागच्या या बालवाडीत, आणि बारा वर्षं घसा फोडून तेच सांगतेय... उडी मारायच्या आधी खाली बघा, ढकलाढकली नको, उतरताना गुडघे वाकवा, डब्यात तीन रंगांचं खाणं आणा! आणलं हो. हितेंद्रने डबा उघडला, तर नारिंगी चीज बॉल, पिवळे वेफर, लाल सॉस. "बाई, तीन रंग!" आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठे?

मग काय, पाकिटातलं जे येईल ते जप्त! सगळं एका पत्र्याच्या डब्यात, डबा कपाटावर. "शनिवारी परत मिळेल," म्हटलं. शनिवारपर्यंत कोणाला आठवतंय? चार-साडेचार वर्षांची पोरं ती!

अशातच फोन आला. संस्थेच्या सुरुची मॅडम वर्ग बघायला येणार. त्यांचा शेरा वाईट पडला की वर्ग बंद, आणि ही दर्शनाबाई घरी! त्यात महिना कुठला? गोविंदाचा! आमच्याकडे पोर चालायला लागलं की थरात उभं राहतं. हितेंद्रचा बाप आनंदा पथकात थर लावतो, तो आदल्या दिवशी म्हणतो कसा, "बाई, टेन्शन नाय घ्यायचं. उद्यासाठी पोरांची प्रॅक्टिस एकदम मस्त झालीय." मला वाटलं, बडबडगीतांची!

मॅडम आल्या. त्यांना खुर्ची द्यायला मी पाठ फिरवली, तुम्हाला सांगते, नुसती पाठ फिरवली... वळते तर काय? तीन पोरं खांद्याला खांदा लावून कपाटाशी, आणि त्यांच्या खांद्यावर प्राची! खालून हितेंद्र ओरडतोय, "खाली बघ! घाई नाय करायची! ढकलू नका रे, बाईंनी सांगितलंय!" सांगितलं होतंच की मी! आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठे?

मी किंचाळणार, तेवढ्यात मॅडमनी माझा हात दाबला. "ओरडू नका, दचकेल ती." दोघी हात पसरून खाली उभ्या. प्राचीने डबा काढला, खाली दिला, आणि गुडघे वाकवून उतरली, टुपकन. साधा ओरखडा नाही! मॅडम म्हणाल्या, "किती सुरेख शिकवलंय हो!" म्हटलं, देव पावला.

आणि प्राचीने झाकण उघडलं.

"बाई... सगळी पाकिटं रिकामी आहेत."

अहो, असे काय बघताय? दुपारी पोरं गेली की पायांत गोळे आलेले असतात, घसा बसलेला असतो, घरी जाऊन चपात्या लाटायच्याच असतात... खाल्ला एक वेफर. मग अजून एक. बारा वर्षं लोकांच्या डब्यात पालक शोधून शोधून दमले हो मी! आता तुम्हीच सांगा, माझं चुकलं कुठे?

मॅडमनी शेरा लिहिला, "मुलांची हालचाल उत्तम. आहाराचे नियम मुलांना पाठ. ते त्यांनी बाईंकडूनही पाळून घ्यावेत." वर्ग वाचला, नोकरी वाचली, सगळं खरं. पण आता रोज अकरा वाजता पोरं रांगेने येऊन माझा डबा तपासतात. काल चपातीत साखर निघाली, जप्त झाली. आज दोडका आणलाय... आणि तो संपेपर्यंत प्राची मला जागची उठू देत नाही.