उकळलेला रस

थोरली: वास कुठाय?

नवरा: कसला वास?

थोरली: अहो, कसला काय! सोयाबीनच्या रसातल्या एन्झाइमने युरिया फोडला की अमोनिया सुटतो, नाकात झणझणतं, डोळ्यांना धारा लागतात. परवाच फवारलंत ना सगळं अंगण? मग मला साधी शिंकसुद्धा कशी येत नाही?

नवरा: वारा होता गं. उडाला असेल. पाय आपटून बघ, दगड झालीये माती! तू आईच्या ऑपरेशनला गेलीस म्हणून काही अडलं नाही बघ.

थोरली: दगड झालीये खरी. पण करडी का?

नवरा: ओली आहे अजून.

थोरली: ओली माती काळपट दिसते. युरिया फुटून बनणारा आपला चुना कणाकणांत धरला की रंग मातीचाच राहतो. चावी द्या इकडे.

नवरा: कशाला उगाच खरवडतेस? उद्या इथे तुझ्या बहिणीची बालवाडी सुरू व्हायची आहे.

(ती चावीने जमीन खरवडते. वरचा पापुद्रा तुटून हातात येतो. खालची माती भुसभुशीत.)

थोरली: सिमेंट! सिमेंटचं पाणी मारलंत?

नवरा: आधी ऐकून तरी घे.

थोरली: मी एवढं सोयाबीन दळून रस काढून ठेवला होता, तो कुठे गेला?

नवरा: वापरला की. फक्त... जरा उकळला.

थोरली: काय केला?

नवरा: ड्रम उन्हात होते. म्हटलं, आंबेल. त्यात तू दुधाची पावडर घातलेली. दूध नासू नये म्हणून माणूस काय करतो? तापवतो!

थोरली: अरे देवा! ती पावडर एन्झाइमला सांभाळायला असते. उकळल्यावर त्याचा पार निकाल लागला. उरलं ते नुसतं सोयाबीनचं कढण!

नवरा: ते फवारल्यावर कळलं ना मला. माती काही धरेना. नुसता राडा झाला.

थोरली: मग फोन करायचा! चूक काय, कुणाच्याही हातून होते. पोट धरून हसले असते मी, दोन शब्द सुनावले असते, आणि येऊन पुन्हा रस काढला असता.

नवरा: आपलं हे पहिलंच काम. ते फसलं असं बाहेर गेलं असतं, तर पुढे कुणी दारात उभं केलं नसतं.

थोरली: म्हणून वरून झाकलंत? इथे जुन्या बॅटऱ्या फोडायचे हो! मातीत शिसं आहे. चुन्याने ते जागच्या जागी कोंडून धरलं असतं. आता मोकळंच आहे. चार पोरं नाचली की हा पापुद्रा फुटणार. मातीचे हात तोंडात घालतात पोरं!

नवरा: सुट्टीत उकरून नीट करू की. तोवर कुणाला कळतंय?

थोरली: मी फोनवर विचारलं होतं, माती धरली का. काय म्हणालास तू?

नवरा: अरेतुरेवर येऊ नकोस.

थोरली: 'झकास धरली, तुझ्या हाताला यश आहे,' म्हणालास! आईच्या उशाशी बसून मी हरखले वेड्यासारखी. लगेच धाकटीला फोन लावला. 'बिनघोर मुलं बोलाव, मी आहे ना,' म्हटलं. तुझं खोटं माझ्या तोंडून गेलं तिच्याकडे.

नवरा: हळू बोल. तीच येतेय.

धाकटी: ताई! कधी आलीस? आई जेवते का नीट? बाई गं, काय सपाट झालंय अंगण! माझं लेकरू तर सकाळपासून मागे लागलंय, मला तिथे लोळायचंय म्हणून. हे काय, इथे फुटलं कसं?

थोरली: विचार तुझ्या भाऊजींना.

नवरा: काही नाही गं. वरून थोडं सिमेंट मारलंय. आम्ही दोघांनी मिळूनच ठरवलं तसं.

थोरली: दोघांनी?

नवरा: म्हणजे, हीच म्हणाली फोनवर. वेळ नाही, तर सध्या झाकून घ्या म्हणून.

धाकटी: आणि खालचं शिसं? ताई?

थोरली: अरे, इतक्या वर्षांच्या संसारात मी एकदा तरी तुला चारचौघांत खाली पाहायला लावलं का रे? एकदा तरी?

नवरा: आता नाटक नको. म्हणाली होतीस तू.

धाकटी: ताई, मी घरोघर जाऊन सांगितलंय, माझ्या सख्ख्या बहिणीने केलंय, डोळे मिटून पाठवा. फोनवर तर तू म्हणालीस, सगळं झालं. आता भाऊजी म्हणतात, झाकायला तूच सांगितलंस. मी कुणाचं खरं धरू?

थोरली: माझंही धरू नकोस. फक्त उद्या गेट उघडू नकोस.