भट्टीचा मीटर आनि चंदेरी रंग

मी मूळची राहुरीकडची, ताई. मुळा धरनाच्या खालच्या अंगाला आमचं गाव. बाप साखर कारखान्यात बॉयलरवर हुता, उसाचं चिपाड पेटत्या तोंडात लोटायचा, पापन्या कायम जळलेल्या, आनि सिझन संपला की लोकांच्या रानात मजुरी. आईबी मजुरीलाच. आमी तिघी बहिनी, मी थोरली. बाप म्हनायचा, पोरीनं आग लांबून बगावी, जवळ जाऊ नये. आता बगा, पोरगी सगळा जलम भट्टीजवळच राहिली, पन ते पुढचं.

दहावी झाली आनि मला नगरला आयटीआयला घातलं, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या ट्रेडला. वर्गात मी एकटी पोरगी. पोरं म्हनायची, ए, शिवनकामाचा वर्ग पलीकडं हाय. मी म्हनायची, माहीत हाय, तुझ्या शर्टाचं बटन तुटलंय, तूच जाऊन ये. असं माझं तोंड, तवापासनं. आई म्हनायची, ह्या तोंडानं तू एक दिवस उपाशी मरशील. मेले न्हाई बगा अजून.

नव्वद साल उलटून चार-पाच वर्सं झाली असतील, तवा मी एमआयडीसीत एका फोर्जिंगच्या कारखान्यात लागले. फोर्जिंग म्हंजे लोखंड भट्टीत लालभडक करायचं आनि घनाखाली ठोकून ट्रॅक्टरचे भाग काढायचे. मला सा महिने ट्रायलवर घेतलं हुतं. मोठे साहेब पयल्याच दिवशी म्हनले, हे बघ सुजाता, ह्या खात्यात बाई कदी नव्हती, सा महिन्यांत काम दिसलं तर पर्मनंट, न्हाई दिसलं तर पॅकिंगला जायचं, खोक्यांना पट्ट्या मारायला. पॅकिंग वाईट न्हाई हो, तिथं चांगल्या बाया हुत्या, पन मी दोन वर्सं सर्किटं शिकले ती काय खोक्यांसाठी? मला मीटरच पायजे हुते. बास, तेवढंच डोक्यात.

भट्टीवर रहेमानचाचा हुते. वीस वर्सं तीच भट्टी. डोळा बारीक करून जाळाकडं बगायचे आनि सांगायचे, हवा कमी पडली, नाहीतर हवा जास्त झाली. हवा कमी पडली की तेल नीट जळत न्हाई, काळा धूर निघतो. जास्त झाली की लोखंडाला पापुद्रा धरतो, माल वाया जातो. हे सगळं चाचा डोळ्यानं सांभाळायचे. मला बेटी म्हनायचे, डब्यातली पयली भाकरी मला द्यायचे. लई जीव लावला त्या मानसानं.

माझ्या ट्रायलचा शेवटचा महिना लागला आनि साहेबांनी भट्टीला नवा ऑक्सिजनचा मीटर आनला. तो लावायला पुन्याचा इंजिनियर आलता. धुराड्याला भोक पाडून हाताएवढी लांब नळी आत घातली, तिच्या टोकाला सेन्सर. बाहेर नळीचं डोकं, डब्यासारखं, आनि तिथनं वायर भिंतीवरच्या ट्रान्समीटरला. ट्रान्समीटर म्हंजे निरोप्याच की, सेन्सरनं सांगितलेलं तो कंट्रोल रूममधल्या काट्याला कळवतो, आनि काट्यावरनं हवेची झडप आपोआप कमी-जास्त व्हती. मंग तो मीटर तपासून घ्यायचा. सिलेंडरमदला दोन टक्के ऑक्सिजनवाला गॅस सोडला तर काट्यानं दोन दाखवायचे, साधी हवा सोडली तर एकवीस, कारन हवेत ऑक्सिजन तेवढाच. न्हाई दाखवलं तर ट्रान्समीटरमधले दोन बारीक स्क्रू फिरवून बरोबर आनायचं. इंजिनियर स्क्रू फिरवत हुता आनि मी स्क्रूड्रायव्हर हातात देत हुते. दोनाला दोन, एकवीसला एकवीस. मीटर ठनठनीत लागला आनि तो पुन्याला गेला.

मंग आली खंडेनवमी. कारखान्यात खंडेनवमी म्हंजे काय सांगू तुमाला, आदल्या दिवशी भट्टी थंड करायची, सगळ्या मशीनी पुसायच्या, रंग मारायचा, मंग झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. आता आमी बौद्ध, आमच्या घरात त्या पूजा न्हाईत, आनि चाचा मुसलमान. आमाला कोनी काही म्हनत न्हवतं, पन सगळे माळा ओवायला बसले आनि आमी दोघं रिकामे, मंग चाचा म्हनले, चल बेटी, आपन रंग मारू, मशीन तर आपलीपन हाय. चाचांनी भट्टीचं दार घेतलं, मी धुराडं घेतलं. चंदेरी रंग. आन् मी असं रंगवलं बगा, दोन-दोन हात मारले. नळीचं डोकंबी सोडलं न्हाई, खालनं वरनं सगळीकडनं चकाचक. साहेब पेढा देताना म्हनले, वा, नवरीसारखी सजवलीस भट्टी. मला असं वाटलं झाले मी पर्मनंट.

दसऱ्याची सुट्टी झाली, दुसऱ्या दिवशी भट्टी पेटवली आनि दुपारपतुर चिमनीतनं काळाकुट्ट धूर. काटा दाखवतोय ऑक्सिजन जास्त, म्हनून झडप हवा कमी करतीये, आनि चाचा वरडतायत, अरे हवा कम हाय, जाळ बघा की, मीटर झूट बोलतोय! कोन ऐकनार चाचांचं, नवा मीटर, हजारो रुपयांचा. पन धूर तर सगळ्यांना दिसत हुता. इंजिनियरला परत बोलावलं.

तो आला, साधी हवा सोडली, काटा पंचवीसवर. त्यानं स्क्रू फिरवून एकवीस केले. अर्ध्या तासानं बगितलं तर सत्तावीस. परत फिरवला, परत सरकला. दोन दिवस त्याची ती झटापट चालली. दुसऱ्या दिवशी घाम पुसत साहेबांना म्हनतो, सेन्सर मेला, लावताना कुनीतरी आपटला असनार, हाताखाली ही बाई हुती. झालं! साहेब माझ्याकडं बगायला लागले. मी म्हनले, साहेब, मी न्हाई आपटला, आईशप्पत न्हाई. साहेब म्हनले, उद्या सकाळी नवीन सेन्सरची ऑर्डर लिहितो, आनि तुझंबी उद्याच बगू. उद्याच बगू म्हंजे काय, ते मला कळलं की.

मला रडू आलं न्हाई, राग आला. असा राग की दुपारचं जेवन जाईना. मीटरचं इंग्रजी पुस्तक मागून घेतलं, डिक्शनरी घेतली आनि वर्कशॉपच्या पायरीवर बसले. एकच गोष्ट डोक्यात फिरत हुती. हवेत ऑक्सिजन एकवीसच असतो, मंग हा सत्तावीस कुठनं आनतो? पुस्तकात लिहिलं हुतं, सेन्सर दोन बाजूंची तुलना करतो, एका अंगाला भट्टीचा गॅस, दुसऱ्या अंगाला बाहेरची चांगली हवा. ताई, बाजारात तराजू बगितलाय ना, माप हलकं असलं की माल जड वाटतो. तसंच की! बाहेरची हवा खराब झाली की दुसरी बाजू लई चांगली दिसनार. मंग बाहेरची हवा आत येती कुठनं? पान उलटलं तर चित्र, नळीच्या डोक्याखाली ज्वारीच्या दान्याएवढं भोक, आनि हवा इथनं आत म्हनून त्याला बान.

पुस्तक तिथंच पायरीवर टाकलं. कारन त्या डोक्याला खालनं वरनं रंग कुनी मारला हुता? म्याच!

पळतच गेले. खाली वाकून बगितलं, भोक दिसतच न्हाई, नुसतं चंदेरी. ओढनीची पिन काढली आनि रंगाचा खडा कोरून काढला. चाचा म्हनले, क्या हुआ? मी म्हनले, चाचा, म्या ह्याचं नाक बुजवलं हुतं. चाचांनी कपाळाला हात लावला आनि हसायलाच लागले. मंग हळूच म्हनले, बेटी, कुनाला सांगू नको, मीटर चालू झाला, बात खतम.

पन तेवढ्यात साहेब आनि इंजिनियर आलेच. हवा सोडली. काटा सत्तावीसवरनं चोवीसवर, चोवीसवरनं बावीसवर, आनि एकवीसच्या जरा खाली येऊन थांबला. इंजिनियरनं वेडेवाकडे केलेले दोन्ही स्क्रू मी जागेवर आनले, हवेला एकवीस केले, दोनाचा गॅस सोडला, काटा बरोब्बर दोनावर. अर्धा तास सगळे घड्याळाकडं बगत उभे. काटा हलला न्हाई. झडपेनं हवा वाढवली, चाचांनी जाळात बगितलं आनि आरोळी ठोकली, अब सच बोला! चिमनीचा धूर विरत विरत गेला, वर निळं आभाळ. इंजिनियर म्हनतो, कोन्या गाढवानं रंग मारला हो इथं?

चाचा माझ्याकडं बगत हुते, डोळ्यानं गप म्हनत हुते. मी म्हनले, ते गाढव मीच. खंडेनवमीला मीच रंगवलं. पन गाढवानं शोधून तरी काढलं, तुमाला दोन दिवसांत तेबी न्हाई जमलं, आनि वरनं म्हनता बाईनं आपटला! तोंडातनं गेलं ते गेलं. आता पॅकिंग, म्हनलं.

साहेबांनी काट्याकडं परत एकदा बगितलं. मंग मीटरचं रजिस्टर मागवलं आनि माझ्यापुढं ठेवलं. म्हनले, काय बिघडलं, कुनामुळं बिघडलं, सगळं लिही आनि खाली सही कर. मी म्हनले, साहेब, ट्रायलवाल्याची सही चालत न्हाई. तर म्हनतात, मीटर खोटं बोलला, ह्यांनी खोटं सांगितलं, खरं बोलली ती तू एकटी, मंग रजिस्टर कुनाच्या हातात देऊ? आजपासनं चालती तुझी सही. ताई, त्या रकान्यात मी माझ्या हातानं लिहिलं, चूक सुजाता साळवेची, दुरुस्ती सुजाता साळवेची. चाचांनी सगळ्यांना चहा पाजला. इंजिनियरनंबी घेतला, बिचारा, मानूस वाईट नव्हता.

रहेमानचाचा आता न्हाईत. लेकीसारखं केलं त्यांनी माझं, जिथं असतील तिथं सुखात असोत. मोठे साहेबबी रिटायर हून गेले. आता सा भट्ट्या हायेत आनि सगळ्यांचे मीटर माझ्याकडं, कॉम्प्युटर आला, पन तपासनीचं रजिस्टर अजून कागदाचंच हाय, आनि माझ्या सहीशिवाय भट्टी पेटत न्हाई. लोक नुसत्या रेघोट्या मारतात, मी न्हाई. मी पुरं नाव लिहिते, सुजाता एकनाथ साळवे. रकाना बारका हाय, नाव बाहेर जातं. जाऊ द्या की, रकाना त्यांनी मोठा करावा.