सूर्य असावा तर पुण्याचा

नको, नको, पन्हं नको, आणि तो आंबा तर आधी माझ्या नजरेसमोरून उचला. माणसाचा उपास असला की बुधवार पेठेतल्या एकूणएक ओट्यावर नेमका आंबाच कापायला घेतात, हे मी पाडव्यापासून बघतोय… कधी जेवणार म्हणून काय विचारता? तो वर बघा, तो मावळला की जेवणार, तुम्हीच सांगा त्याला काय ते, माझं तर ऐकत नाही. ज्येष्ठाचा दिवस मेला संपता संपत नाही, आतून आमटीच्या फोडणीचा वास येतोय, पोटात कावळे कोकलतायत, पण तरीसुद्धा तुम्हाला सांगतो, मी लाहोरचा सूर्य पाहून आलोय मंडळी, आणि सूर्य असावा तर पुण्याचा.

हसू नका. तुमचा लांबचा प्रवास म्हणजे आळंदी, तुम्हाला काय कळणार! तुम्हाला वाटतं सूर्य सगळीकडे सारखाच उगवतो, सारखाच मावळतो. मलाही तसंच वाटायचं, आणि मी तर सरकारी दफ्तरातला कारकून, शहाणा माणूस.

आता बसलोच आहोत तर पहिल्यापासून ऐका. आमच्या लग्नाला आठ वर्षं झाली तरी घरात पाळणा हलेना. आज हे मजेत सांगतोय, पण तेव्हा मजा नव्हती. आमचं कुटुंब बोलायचं नाही हो काही, पण शेजारी कुणाचं बारसं असलं की त्या दिवशी घासलेली भांडी पुन्हा घासायला काढायचं. ते बघवायचं नाही मला. शेवटी आमचे सासरे, दत्तोबा जोशी, पंचांगवाले, तुम्ही ओळखताच, त्यांनी व्रत सांगितलं. संक्रांतीपासून पुढच्या संक्रांतीपर्यंत नक्त. म्हणजे दिवसभर उपास आणि सूर्य मावळला, दिवा लावला, की एकदाच जेवायचं. आणि मुख्य अट अशी की नवराबायकोने एकाच वेळी पानावर बसायचं. एकाने आधी आणि एकाने मागून, हे चालणार नाही. आता आपल्यात नवऱ्याबरोबर पान मांडून बसणारी बायको कुणी पाहिली होती? शेजारच्या आनंदीबाईंनी एवढं नाक मुरडलं, एवढं मुरडलं, की मला वाटलं ते आता सरळ होत नाही.

बरं, संक्रांतीला नक्त धरायला काय जातं हो? दिवस तो केवढा? दुपारी जरा डोळा लागला की उठेपर्यंत दिवेलागण. दिवस वाढतो तो तिळातिळाने वाढतो, तेवढं सोसता येतं. मी छाती काढून पेठेत फिरत होतो. आणि माघात हुकूम आला, उत्तरेत फौज आहे, दफ्तराला कारकून पाहिजे, निघा!

निघताना सासरे म्हणाले, (ते असे नाकातून बोलतात, चष्म्यावाचून पंचांग वाचल्यासारखे) "जावईबापू, जितके उत्तरेला जाल तितका उन्हाळ्यात दिवस मोठा आणि हिवाळ्यात लहान. इथलं दिनमान तिथे चालायचं नाही, ध्यानात ठेवा." मी म्हटलं, "जोशीबुवा, सूर्य एकच आहे ना? का तिकडे दुसरा ठेवलाय?" ते नुसते हसले. पुण्यातला माणूस वाद न घालता हसला की समजावं, आपलं काही खरं नाही.

नर्मदा ओलांडली, चंबळ ओलांडली, यमुना ओलांडली, आणि नदीगणिक माझी संध्याकाळ लांबत चालली. ज्येष्ठात लाहोरला पोचलो. सगळी फौज म्हणत होती, झेंडा अटकेपार गेला. मी म्हणत होतो, झेंडा गेला ते ठीक, हा सूर्य कधी पार होतो तेवढं बघा! उतरायचं नावच नाही. बसलाय आपला क्षितिजावर, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा, निघतो निघतो म्हणतोय आणि पाय हलत नाही. सवा घटका, तुम्हाला सांगतो, पुण्यापेक्षा चांगली सवा घटका उशिरा मावळायचा. आता म्हणाल, सवा घटकेनं काय होतं? तुम्ही भरल्या पोटी म्हणा. सवा घटकेत भात होतो, आमटी होते, आणि माणूस जेवून हातावर पाणी घेतो.

त्यात माझ्या शेजारच्या राहुटीत मच्छिंद्र नावाचा स्वार, आपल्या हडपसरकडचा. तो माझ्यासमोर मांडी ठोकून भाकरी मोडायचा आणि वर म्हणायचा, "पंत, सूर्व्य अजून लई वर हाय की. घ्या चार घास. हितं कोन बघतंय?" मी म्हणायचो, "अरे, तोच बघतोय ना!" आणि पाठ फिरवून बसायचो. पाठ फिरवली तरी कांदा फोडल्याचा आवाज येतो हो. सूर्य असावा तर पुण्याचा, वेळेवर येतो, वेळेवर जातो, कुणाच्या जेवणाच्या आड येत नाही.

पण मी पुण्याचा कारकून. असा थोडाच हरतो! आठव्या दिवशी गेलो तडक बाळशास्त्र्यांकडे. हे आमच्या छावणीतले धर्मशास्त्री, कऱ्हाडचे, जाडजूड, शांत. म्हटलं, "शास्त्रीबुवा, व्रताचा संकल्प मी कुठे सोडला? पुण्यात. संकल्पात काय म्हटलं? दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे. लाहोर गोदावरीच्या दक्षिण तीरावर आहे का? नाही. मग हा सूर्य माझ्या व्रताला कसा लागू? शिवाय एकाच वेळी जेवायची अट आहे. आमचं कुटुंब पुण्याच्या दिवेलागणीला पानावर बसणार, तर मीही तेव्हाच बसायला हवं." बघा, कसा पेच टाकला!

शास्त्र्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटले, मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "पंत, मुद्दा बिनतोड आहे. तुमचा सूर्य पुण्याचाच. पण एकदा धरलात की धरलात हं. व्रत संपेपर्यंत सोडता येणार नाही." मी म्हटलं, "सोडतो कशाला? पुण्याचा माणूस पुण्याचा सूर्य सोडेल?"

आणि मग काय थाट, महाराज! युक्ती अगदी साधी. सावली सगळ्यात आखूड झाली की दुपार, ती पुण्यात काय न् लाहोरात काय, दुपारच. तिथून पाण्यात घटिकापात्र सोडायचं, ती भोकाची वाटी हो, भरून बुडाली की एक घटका. पुण्याच्या पंचांगात दिवसाच्या जितक्या घटका असतील त्याच्या निम्म्या झाल्या, की मावळला पुण्याचा सूर्य. मग डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी मी आपला भर उन्हात दिवा लावायचो, ज्योत दिसायचीही नाही, आणि भातावर तूप ओतायचो. मच्छिंद्र कपाळाला हात लावायचा. मी म्हणायचो, "गड्या, सूर्य असावा तर पुण्याचा." आणि ढेकर द्यायचो.

आषाढ गेला, श्रावण गेला. पितृपंधरवड्यात एक दिवस असा आला की शेवटची वाटी बुडाली आणि समोर लाहोरचा सूर्यही बुडाला, दोघं एकदम. दिवस आणि रात्र सारखी झाली की सगळ्या मुलखात दिवस सारखाच असतो म्हणे. मी मच्छिंद्राला म्हटलं, "बघ, आला की नाही वळणावर!" मला काय ठाऊक, तो वळणावर येत नव्हता, तर उलट्या वाटेला लागला होता.

मार्गशीर्ष आला. मंडळी, लाहोरची थंडी काय सांगू… इथे तुम्ही उपरणं घेता आणि थंडी म्हणता. तिथे पाण्याचा तांब्या उचलला की हाताला डसायचा. आणि तो सूर्य, जो उन्हाळ्यात हलता हलत नव्हता, तो आता दुपार झाली नाही तोच पळायचा घरी. अंधार व्हायचा, शेकोट्या पेटायच्या, सगळी छावणी गरम गरम जेवून रजईत शिरायची, आणि मी? मी वाटीसमोर! पुण्यात अजून उजेड ना! बाळशास्त्री शाल पांघरून, जेवून, सुपारी कातरत माझ्यासमोरून जायचे आणि अगदी मायेनं विचारायचे, "काय पंत, गोदावरीच्या दक्षिण तीरावर दिवस अजून आहे वाटतं?" माझे दातावर दात वाजत होते. एक दिवस मच्छिंद्रानं घोंगडी आणून अंगावर टाकली, वाटीत डोकावला न् म्हणाला, "पंत, ही बुडंना तर मी बोट लावू का?" देवाशप्पथ सांगतो, क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पण डोळ्यासमोर आमचं कुटुंब आलं, पुण्याला, पान मांडून, दिव्याची वाट बघत. म्हटलं, नाही, ती बसेल तेव्हाच आपण बसायचं.

तसं संक्रांतीपर्यंत काढलं आणि पाडव्याच्या तोंडावर घरी आलो. ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या सगळी कथा ऐकवली. उन्हाळ्यात कसा तुझ्या सूर्यानं जेवलो, हिवाळ्यात कसा तुझ्या सूर्यासाठी कुडकुडलो. म्हटलं आता ही डोळ्याला पदर लावणार. तिनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "अहो, पण मी तर तुमच्या सूर्याने जेवत होते."

म्हटलं, "म्हणजे?"

"बाबांनी मला घटिकापात्र दिलं होतं. म्हणाले, जावईबापू तिकडे आहेत, तिकडचं दिनमान काढून देतो. ज्येष्ठात दिवा लावून मी सवा घटका थांबायचे. वाटायचं, तुम्ही उपाशी आणि मी कशी जेवू?"

मी भर उन्हात ढेकर देत होतो तेव्हा ही इथे अंधारात उपाशी बसलेली, मंडळी. आणि मार्गशीर्षात? मार्गशीर्षात बाईसाहेब पुण्यात ढळढळीत उजेड असताना जेवायला बसायच्या, कारण लाहोरला दिवस मावळला! आनंदीबाई पेठभर सांगत सुटल्या, जोश्यांच्या लेकीनं नक्त मोडलं. मी विचारलं, "अगं, लोक काय म्हणाले असतील?" तर म्हणते, "म्हणू देत. मला वाटायचं, तुम्ही वेळेवर जेवून रजईत शिरला असाल, तेवढंच बरं वाटायचं." आणि मी कुठे होतो? रजईच्या बाहेर. डोळ्याला उपरणं मलाच लावावं लागलं, खोटं कशाला सांगू.

एवढ्यात सासरे आले. सगळं ऐकून घेतलं आणि नाकातून म्हणाले, "अट एकाच वेळी जेवायची होती. पुण्याचा सूर्य धरलात तिथून पितृपंधरवड्यातला तेवढा एक दिवस जुळला. म्हणजे अख्खं वर्ष फुकट. पाडव्याला पुन्हा संकल्प सोडा, आणि या खेपेला कृपा करून एकाच घरात राहा."

राहिलो की. पाडव्यापासून रोज एक सूर्य, एक दिवा आणि दोन पानं. आणि परवा सकाळी हिला भाताचा वास सोसेना. सासूबाई आल्या, बोटं मोडून हिशेब केला आणि देवापुढे साखर ठेवली. हो हो, तेच… अहो, हळू! पेठ जागी कराल.  नऊ वर्षं झाली हो. भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो थोडा वेळ.

मग सासऱ्यांनी निकाल दिला की गर्भारशीला उपास नाही. मी म्हटलं, "वा! सुटलो." तर म्हणतात, "ती सुटली. आपण कुठे गर्भार आहात?"

म्हणजे आता बघा, ती सकाळी जेवते, दुपारी जेवते, मध्ये कैरी खाते, आणि एकाच वेळी बसायची अट मोडू नये म्हणून दिवेलागणीला माझ्याबरोबर पुन्हा पानावर बसते. मी आपला इथे ओट्यावर, पुढच्या पाडव्यापर्यंत… आलो गं, आलो, ऐकू आलं, दोन पानं घेतलीस ना? पण तो अजून टेकलाय बघ नदीपल्याडच्या भांबुर्ड्याच्या मागे! सूर्य असावा तर पुण्याचा म्हणतो मी, पण हा मेला लाहोरला शिकून आलाय. असो. ती आता दोघांचं जेवते, आणि मी तिघांचा उपास करतो. तो आंबा आहे का शिल्लक? झाकून ठेवा, मावळल्यावर तिच्यासाठी नेईन.